मागें राहील त्याचें घर

नोकरींतून निवृत्त होण्यास वर्ष-दीड वर्ष उरलें, कीं मध्यमवर्गीय गृहस्थाच्या बैठकींत एका नव्या विषयाचा प्रवेश होतो. इतके दिवस मुलांचें शिक्षण, त्यांच्या नोकऱ्या व त्यांचे विवाह यांचीच चर्चा तेथें चाले. आतां तिची जागा एकच प्रश्न घेतो: पुढें राहावयाचें कोठें? भविष्यनिर्वाह निधीची रक्कम हातीं यावयाची असते. मुंबईतील वा ठाण्यांतील दोन खोल्यांची जागा विकली तर बाहेरगांवीं चांगलें टुमदार घर उभें राहील, असा हिशेब एखाद्या स्नेह्यानें करून दिलेला असतो. आणि पस्तीस वर्षें गाडीच्या गर्दींत उभ्यानें प्रवास केलेल्या मनास झाडें, अंगण, झोपाळा हीं दिसूं लागतात. मग यादी होते. पुणें असावें, कारण तें पूर्वींपासून पेन्शनरांचें गांव. नाशिक असावें, कारण तेथें गोदावरी आहे आणि पहाटेच्या हवेंत गारवा असतो. कोंकण असावें, कारण तेथें समुद्र आहे आणि मूळचें घराणेंहि तेथलेंच. किंवा मुलगा जेथें असेल तें गांव असावें, मग तें बंगळूर असो कीं हैदराबाद. प्रत्येक गांवापुढें हवा, पाणी, जागेचा भाव, दवाखाना, रेल्वेचें स्थानक असे रकाने आंखून त्यांत गुण मांडले जातात, आणि ज्याच्या गुणांची बेरीज अधिक तें गांव उत्तम ठरतें.

हीच रीत आम्हींहि अवलंबिली. तींत कांहीं चूक आहे असें आम्हांस वाटलें नव्हतें. परंतु ह्या कोष्टकांत एक रकाना आंखावयाचा राहून जातो, आणि तो राहिल्यामुळें सगळी बेरीज फसते, असें पुढें आमच्या ध्यानांत आलें. तें कसें आलें व त्यावरून कोणता विचार सुचला, हें वाचकांपुढें मांडावें, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे. प्रश्न घरखरेदीचा दिसतो खरा. वस्तुतः तो नीतीचा आहे.

दोन वर्षांपूर्वीं, दिवाळीच्या सुमारास, दापोली तालुक्यांतील समुद्राकांठच्या एका गांवीं आम्ही उभयतां जागा पाहण्यास गेलों. शेतजमीन घ्यावयाची तर खरेदीदार शेतकरी असावा लागतो, ही १९४८ च्या कूळकायद्यांतील अट दलालानें आम्हांस समजावून सांगितली होती. म्हणून बिनशेती झालेलीच जागा आम्ही शोधीत होतों. सातबाराच्या उताऱ्यावर सतरा भाऊबंदांचीं नांवें असलेल्या दोन जागा आम्हीं आधींच सोडून दिल्या होत्या. ह्या जागेची गोष्ट निराळी होती. मालक एकच, भोंवतीं जांभ्या दगडाचा गडगा, तीन माड, एक जुना रतांबा, विहिरीस पाणी, आणि पश्चिमेकडे झाडांच्या फटींतून समुद्राची निळी रेघ. आम्हीं पावलांनीं जागा मोजली. ओसरी कोणत्या अंगास असावी, झोपाळा कोठें टांगावा, सूर्य मावळतांना खुर्ची कोठें ठेवावी, हें सर्व आम्हीं अर्ध्या तासांत ठरवून टाकलें. आमची पत्नी विहिरीच्या कट्ट्यावर बसून हें पाहत होती. आमचें मोजमाप संपल्यावर तिनें एवढेंच विचारलें, "अहो, पण दुपारीं इथं दार कोण वाजवील?"

आम्हीं हंसून उत्तर दिलें कीं, दार वाजूं नये म्हणूनच तर येथें यावयाचें. ती त्यावर कांहीं बोलली नाहीं.

परतीच्या प्रवासांत मात्र तो प्रश्न आमच्या मनांतून जाईना. दुपारींच कां? डोंबिवलीस एका गल्लींत आमचीं एकतीस वर्षें गेलीं; पण तेथील दुपार आम्हीं रविवारखेरीज पाहिली नव्हती, आणि रविवारची दुपार आम्ही झोपेंत घालवीत होतों. बाकीच्या दिवसांच्या दुपारीं तेथें काय घडे, तें आम्हांस ऐकूनच ठाऊक. कोणी कुरडयांचा चीक शिजला कीं नाहीं तें दाखवावयास येई; कोणी डॉक्टरची चिठ्ठी वाचून घेण्यास येई; कोणी कांहींच कामावांचून येई आणि तास-दीड तास बसून जाई. आमच्या दृष्टीनें तें घर रात्रीं निजण्याचें ठिकाण होतें. तिच्या दृष्टीनें तें दुपारच्या येण्याजाण्यानें बांधलेलें एक लहानसें जग होतें. इतकें ध्यानांत आलें तरी प्रश्नाचा पुरता उलगडा झाला नाहीं. कारण नव्या घरीं आम्ही दिवसभर घरींच असणार होतों. मग दार वाजण्याची तिला गरज काय? माणगांव मागें पडल्यावर अकस्मात् उमज पडला. तिनें विचारलेली दुपार आम्ही असतांनाची नव्हतीच. आम्हीं तिला तसें विचारलें, तेव्हां ती खिडकीबाहेर पाहत "हो" म्हणाली.

त्या एका अक्षरानें आमचें कोष्टक निरर्थक ठरविलें. घर निवडतांना तें दोघांसाठीं निवडतों, असें आपण समजतों. परंतु त्या घरांतील आयुष्याचे दोन भाग असतात: पहिला दोघांचा व दुसरा एकाचा. पहिला किती लांब आणि दुसरा किती, हें कोणासहि सांगतां येत नाहीं. पण दुसरा येणार, हें बहुतेक निश्चित असतें, कारण पतिपत्नींनीं एकाच दिवशीं जग सोडण्याचा योग क्वचित्च येतो. त्या दुसऱ्या भागांत बहुधा कोण असतें, हेंहि गुपित नाहीं. २०११ च्या शिरगणतीप्रमाणें भारतांत साठ वर्षांवरील माणसें १० कोटींहून अधिक होतीं. त्यांतील स्त्रियांपैकीं जवळजवळ निम्म्या विधवा होत्या. पुरुषांत विधुरांचें प्रमाण शेंकडा १५ च्या आसपास होतें. स्त्रियांचें आयुर्मान पुरुषांहून दोन-तीन वर्षांनीं अधिक; आमच्या पिढींत नवरा बायकोहून चार-पांच वर्षांनीं वडील; आणि पत्नी वारल्यावर पुरुष पुन्हां लग्न करूं शके, स्त्रीस तें समाजानें सुलभ ठेवलें नाहीं. ह्या तिन्ही कारणांनीं जो फरक पडतो, तो शिरगणतीच्या आंकड्यांत उतरला आहे. म्हणजे निवृत्तीनंतरचें घर बहुधा पुरुष निवडतो, आणि त्या घराची शेवटचीं वर्षें बहुधा स्त्री काढते.

येथें नीतीचा प्रश्न उत्पन्न होतो. दोघें असतांना घराच्या पुष्कळ उणिवा सोबतीनें भरून निघतात. बाजार दूर असला तर दोघांनीं मिळून जाण्यांत फिरणें होतें. वीज गेली तर अंधारांत गप्पा होतात. शेजार नसला तरी बोलावयास एक माणूस असतें. एकटें उरल्यावर त्याच उणिवा भार होऊन बसतात. तेव्हां ज्या काळांत घराकडून मागणें थोडें असतें, त्या काळाच्या मापानें आपण घर बेततों, आणि ज्या काळांत सर्व भार घरावर व शेजारावर पडावयाचा, त्याचा विचारहि करीत नाहीं. इतकेंच असतें तर त्यास आपण अदूरदृष्टि म्हटलें असतें. परंतु येथें निवड एकाची व परिणाम दुसऱ्याच्या वांट्यास, असें घडतें. सूर्यास्त आम्हीं पाहावा आणि त्यानंतरची रात्र तिनें काढावी, ह्या व्यवहारांत प्रेम कितीहि असलें तरी न्याय नाहीं.

आमच्या पूर्वजांनीं निवृत्तीचा विचार केला नाहीं असें नाहीं. जगांतील फार थोड्या समाजांनीं तो इतक्या तपशिलानें केला असेल. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायांत गृहस्थानें वनाची वाट केव्हां धरावी तें सांगितलें आहे: अंगास सुरकुत्या पडल्या, केस पांढरे झाले व मुलाचें मूल दृष्टीस पडलें म्हणजे. आणि लगेच पुढें पत्नीविषयीं दोन पर्याय दिले आहेत: तिला मुलांच्या स्वाधीन करावें किंवा बरोबर न्यावें. पर्याय दोन असले तरी निवडणारा एकच आहे. तिला कोठें राहावयाचें आहे, हें विचारण्याची तरतूद तेथें नाहीं. त्याहून मनास लागणारी गोष्ट बृहदारण्यकांतील आहे. याज्ञवल्क्य घर सोडून जाण्यास निघाला, तेव्हां मैत्रेयी व कात्यायनी ह्या दोघी भार्यांमध्यें व्यवस्था लावून देण्याचें त्यानें काढलें. मैत्रेयीनें धन नाकारून अमृतत्वाचा मार्ग विचारला, आणि पुढचा सर्व थोर संवाद तिच्याशीं झाला. दोन-अडीच हजार वर्षें आपण त्या संवादाचें चिंतन करीत आलों, व तें योग्यच आहे. परंतु कात्यायनीचें पुढें काय झालें, असें कोणीं विचारल्याचें आम्हांस स्मरत नाहीं. ती त्या घरांत राहिली. पाणी भरणें, गोठा पाहणें, आल्यागेल्याचें करणें तिच्याकडे उरलें असेल. तरी याज्ञवल्क्याच्या बाजूनें एक गोष्ट सांगितली पाहिजे: जाण्यापूर्वीं त्यानें मागें राहणाऱ्यांच्या व्यवस्थेचा विषय स्वतः काढला. आमच्यापैकीं किती जण तो काढतात?

महाभारताच्या आश्रमवासिक पर्वांत ह्याच्या उलट चित्र आहे. धृतराष्ट्र व गांधारी वनास निघालीं, तेव्हां कुंतीहि त्यांच्याबरोबर निघाली. मुलांचें राज्य झालेलें, सुखाचे दिवस आलेले. युधिष्ठिर-भीमादिकांनीं तिला परोपरीनें विनविलें. ती थांबली नाहीं. पुढें त्या तिघांचाहि वणव्यांत अंत झाला, म्हणून ती निवड सुखाची ठरली असें म्हणतां यावयाचें नाहीं. पण ती कुंतीची स्वतःची होती. वृद्धपणीं कोठें राहावें व कोणाच्या संगतींत राहावें हें तिनें स्वतः ठरविलें, आणि राजवाड्याहून संगत मोठी मानली.

आतां कोणी म्हणेल कीं, हें सर्व खरें, पण मागें राहणाऱ्यासाठीं घर पाहावयाचें म्हणजे नेमकें काय पाहावयाचें? आमच्या मतें मुख्य गोष्ट ही कीं, घर विकत मिळतें, ओळख विकत मिळत नाहीं. दुय्यम निबंधकाच्या कचेरींत एका दिवसांत घर आपल्या नांवावर होतें. शेजार नांवावर होण्यास दहा-वीस वर्षें लागतात. वाटीभर साखर नेणें, ती परत करतांना वाटी रिकामी न पाठविणें, एकीच्या बाळंतपणास दुसरीनें जागणें, भांडणें, अबोला धरणें व तो एखाद्या सणाच्या निमित्तानें सोडणें, अशा शेंकडों लहान देण्याघेण्यांनीं ती ओळख जमते. म्हातारपणीं माणूस अडतें तेव्हां ह्या जुन्या सांठ्यांतून त्यास मदत मिळते. आणि ती घेतांना मान खालीं घालावी लागत नाहीं, कारण आपणहि पूर्वीं दिलेलें असतें. साठाव्या वर्षीं परक्या गांवीं गेलेल्या माणसास हा सांठा पहिल्यापासून जमवावा लागतो, तोहि देण्याची शक्ति कमी होत असतांना.

आमच्या परिचयाच्या एका बाईंची हकीकत येथें सांगावीशी वाटते. त्यांच्या यजमानांनीं मुंबईची जागा विकून कोंकणांत समुद्राजवळ घर बांधलें. चार वर्षें दोघें फार सुखांत राहिलीं. पांचव्या वर्षीं यजमान गेले. ३ जून २०२० रोजीं 'निसर्ग' वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलें, आणि श्रीवर्धनापासून दापोलीपर्यंतच्या नारळी-पोफळींच्या बागा एका दिवसांत आडव्या झाल्या. त्या दिवशीं बाई घरांत एकट्या होत्या. छपराची कौलें उडालीं. वीज तीन आठवडे आली नाहीं. गांवच्या लोकांनीं त्यांस उपाशी ठेवलें नाहीं. उलट स्वतःचीं घरें उघडीं पडलेलीं असतां दोन मुलें येऊन त्यांच्या छपरावर ताडपत्री बांधून गेलीं. बाई म्हणाल्या, "सगळ्यांनीं केलं हो, पण मी कोणाचं काय केलं होतं, तें मला आठवेना." त्यांस दुःख मदत न मिळाल्याचें नव्हतें, ती पाहुणीसारखी घ्यावी लागल्याचें होतें. पुढें त्यांनीं परत मुंबईस येण्याचें मनांत आणलें, तेव्हां दुसरी गोष्ट उघड झाली. त्या घरास गिऱ्हाईक लौकर मिळेना, आणि मिळालें तेव्हां आलेल्या पैशांत मुंबईच्या जवळपासहि एक खोली येईना. शहरांतून खेड्याकडे जाण्याचा रस्ता सोपा असतो. घर विकून गेलेल्यास परतीचा रस्ता बहुधा बंद झालेला असतो.

ह्यावरून आम्ही कोंकणास नांवें ठेवीत आहों, असें कोणी समजूं नये. ज्याचे भाऊबंद तेथें आहेत, जो दर गणपतीस व शिमग्यास गांवीं गेला, ज्याच्या पत्नीस वाडींतील दहा घरांत वहिनी म्हणून हांक मारतात, त्यानें खुशाल तेथें जावें. त्याचा सांठा तेथेंच आहे. दापोलीचेंच उदाहरण घ्या. इंग्रजी अमदानींत तेथील कॅम्पांत पलटणींतून निवृत्त झालेल्या सैनिकांची वस्ती असे. सुभेदार रामजी सकपाळहि निवृत्तीनंतर कांहीं काळ तेथें राहिले, आणि डॉ. आंबेडकरांचें बालपण कांहीं दिवस त्या गांवीं गेलें. त्या पेन्शनर सैनिकांनीं हवा पाहिली असेल वा नसेल; बरोबरच्या माणसांचा शेजार त्यांस तेथें मिळत होता. जागा तीच, पण तेथें जाण्याचें कारण निराळें.

उलट, शहर निवडलें म्हणजे प्रश्न सुटला असेंहि नाहीं. पुण्याच्या सीमेवर आज जीं उंच वसाहतींचीं गांवें उभीं आहेत, तेथें दवाखाना जवळ असतो, बाग असते, दारावर पहारेकरी येणाऱ्याचें नांव लिहून घेतो. परंतु लिहून घेण्यास कोणी आलें पाहिजे. चौदाव्या मजल्यावर नव्यानें गेलेल्या बाईस समोरच्या दारावरील पाटीखेरीज कोणाची ओळख नसते. आणखी एक गोष्ट अशी कीं, हल्लींच्या शहरांत गाडी बोलावणें, विजेचें बिल भरणें, बँकेचा व्यवहार करणें हें सर्व मोबाईलांतून चालतें. आणि पुष्कळ घरांत तो मोबाईल, त्यांतील सांकेतिक शब्द व तो वापरण्याची विद्या, हीं तिन्ही एकट्या यजमानांपाशीं असतात. यजमान गेले कीं सर्व सोयींनीं युक्त अशा शहरांत ती बाई बेटावर असल्यासारखी होते. घर बदलण्यापूर्वीं ही विद्या दोघांस येईल असें पाहणें, हें कोणत्याहि गांवच्या हवापाण्याहून अगत्याचें आहे.

मुलाच्या गांवीं जाण्याचा मार्ग सर्वांत निर्धोक वाटतो, आणि कांहींच्या बाबतींत तो तसा असतोहि. पण तेथें दोन प्रश्न प्रथम विचारावेत. मुलगा त्या गांवीं किती वर्षें आहे? आजच्या नोकऱ्या पाहतां बंगळुरास घर घेऊन आईबाप स्थिर होतात, तोंच मुलगा परदेशीं निघतो, असें आम्हीं पाहिलें आहे. मग ज्या भाषेंत भाजीचा भावहि विचारतां येत नाहीं, त्या गांवीं ती आई मुलाच्या आशेनें गेलेली व मुलावांचून राहिलेली असते. दुसरा प्रश्न असा कीं, तेथें तिचें घर असेल कीं मुलाच्या घरांत तिची खोली असेल? स्वतःचें सर्व विकून मुलाच्या घरांत पैसा घालणें हा वात्सल्याचा भाग खरा, परंतु तो अखेरचा आधार हातचा सोडण्याचाहि भाग आहे. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यांत अशी तरतूद आहे कीं, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मिळकत घेऊन जर घेणारानें सांभाळ केला नाहीं, तर ती देणगी न्यायाधिकरणाकडून रद्द करून घेतां येते. कायदा चांगला आहे. पण आईनें मुलाविरुद्ध अर्ज लिहावा, अशी वेळ ज्या व्यवस्थेंत येऊं शकते, ती व्यवस्था आरंभींच टाळणें अधिक चांगलें.

कायद्याचा विषय निघालाच आहे तर आणखी एक गोष्ट सांगून टाकूं. घर कोणाच्या नांवावर आहे, हा प्रश्न प्रेमळ कुटुंबांत अशिष्ट समजला जातो. १९३७ च्या कायद्यानें हिंदु विधवेस पतीच्या मिळकतींत प्रथम हिस्सा मिळाला, तोहि तिच्या हयातीपुरता. १९५६ च्या उत्तराधिकार कायद्यानें तिला पूर्ण मालकी मिळाली. परंतु त्याच कायद्याप्रमाणें पतीनें मृत्युपत्र केलेलें नसल्यास विधवा, मुलगे, मुली व पतीची हयात आई ह्या सर्वांस सारखे हिस्से मिळतात. म्हणजे यजमानांच्या एकट्याच्या नांवावर असलेलें घर, दोन मुलें असल्यास, त्यांच्या मागें पत्नीचें एक तृतीयांशच उरतें. आणि सोसायटींत तिचें नांव वारस म्हणून नोंदविलें तरी नोंद म्हणजे मालकी नव्हे. मुलें गुणी असलीं तर कांहीं बिघडत नाहीं, हें खरें. पण आईनें स्वतःच्या घरांत मुलांच्या गुणांवर अवलंबून राहावें, अशी योजना बापानें कां करावी? दोघांचीं नांवें खरेदीखतावर घालणें व मृत्युपत्र करून ठेवणें, यास एक-दोन दिवसांहून अधिक लागत नाहीं.

आमच्या ह्या म्हणण्यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा कीं, निवृत्ति हा आनंदाचा काळ. त्याच्या दारींच मरणाचा हिशेब मांडून बसणें अशुभ आहे. ह्यास आमचें उत्तर असें कीं, हिशेब न मांडल्यानें मरण टळत नाहीं, फक्त तो हिशेब मागें राहणाऱ्या माणसास दुःखाच्या दिवसांत एकट्यानें मांडावा लागतो. दुसरा आक्षेप अधिक विचारणीय आहे. पस्तीस वर्षें मान मोडून काम केलेल्या मनुष्यानें आयुष्यांतील एक इच्छा धरली, समुद्राजवळ राहावें अशी, तर तीहि दुसऱ्याच्या उद्यांसाठीं सोडावी काय? आम्हीं ह्या आक्षेपाचें दुःख अनुभविलें आहे, म्हणून तो हलका मानीत नाहीं. पण इच्छा राहण्याची असते. तिला विकत घेण्याचें रूप आपण देतों. तेथें भाड्यानें राहून पाहावें. एक जुलै व एक मे काढावा. जुलैंत भिंतींस ओल चढते व कपडे वाळत नाहींत. मे महिन्यांत, जेथें पावसाळ्यांत कंबरभर पाणी वाहिलें तेथल्याच विहिरी तळ गांठतात, कारण जांभा पाणी धरून ठेवीत नाहीं. इतकें पाहूनहि दोघांची इच्छा टिकली तर ती खरी. मात्र ती दोघांची असावी, आणि परतीचें दार उघडें ठेवून पुरी करावी.

शेवटीं आम्हीं काय केलें, असें वाचक विचारतील. ती जागा आम्हीं घेतली नाहीं. ती दुसऱ्या कोणीं घेतली असें दलालाकडून कळलें, आणि तें ऐकून आठवडाभर आमचें मन थाऱ्यावर नव्हतें, हें प्रांजळपणें सांगितलें पाहिजे. आमची डोंबिवलीची जागा तिसऱ्या मजल्यावर व बिनलिफ्टची. ती विकून त्याच गल्लीच्या टोकास, लिफ्ट असलेल्या इमारतींत, थोडी लहान जागा दोघांच्या नांवें घेतली. तिच्या खिडकींतून समुद्र दिसत नाहीं. एक पिठाची गिरणी व शाळेचें मागचें अंगण दिसतें. हिवाळ्यांत महिनाभर आम्ही त्या समुद्राकांठच्या गांवीं दोन खोल्या भाड्यानें घेऊन राहतों, आणि सूर्यास्त तेथेंहि तोच असतो.

येथें हा लेख संपवितां आला असता. परंतु निवृत्त झाल्यावर घरीं बसूं लागलों, तेव्हां आमच्या तत्त्वाची दुसरी बाजू आमच्यापुढें उभी राहिली. शिरगणती बहुतेकांची गोष्ट सांगते. एखाद्याच्या घरीं उलटेंहि घडतें. मागें राहणारे आम्हीच झालों तर? पहिल्याच आठवड्यांत दुपारीं दार वाजलें, आम्हीं उघडलें, आणि शेजारच्या बाई आम्हांस पाहून "मग येतें" म्हणून परतल्या. दुसऱ्या दिवशीं दुसऱ्या कोणी तसेंच म्हणाल्या. तेव्हां कळलें कीं, एकतीस वर्षांचा सांठा जो आम्ही दोघांचा समजत होतों, तो तिचा होता. त्यांत आमची भर नव्हती. घर आम्हीं तिच्यासाठीं योग्य जागीं घेतलें. पण तिच्यामागें त्याच घराचें दार आमच्यासाठीं कोणीं वाजविलें नसतें. आणि हा दोष गांवाचा नव्हता.

म्हणून ह्या वर्षीं आम्ही थोडा अभ्यास करीत आहों. वरणभाताचा कुकर किती शिट्ट्यांनीं उतरावावयाचा तें शिकलों. दूध आणावयास स्वतः जातों आणि येतांना दोन ठिकाणीं थांबतों. खालच्या मजल्यावरील एका मुलास अपूर्णांक समजत नाहींत असें ऐकलें, तेव्हां त्याच्या आजोबांपाशीं आपणहून विषय काढला. परवां दुपारीं तीन वाजतां दार वाजलें. पत्नी आंत निजली होती. आम्हीं दार उघडून, संवयीनें, ती झोपली आहे असें सांगितलें. तो मुलगा वही पुढें करून म्हणाला, "काकू नाहीं, तुमच्याकडेच आलों आहें."